बाळंतपणानंतर आधी आजच्या मापाचं शिवून घ्या

साताऱ्यात मंगळवार पेठेत माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको, उसवून सैल करून देणं, सगळं करते. लग्नाच्या वेळी जिचं माप घेतलं तिचंच पुढे डोहाळजेवणाला, बारशाला, पोर शाळेत जायला लागल्यावर पुन्हा, असं एकेकीचं अंग माझ्या वहीत वर्षानुवर्षं आकड्यांनी उतरलेलं आहे. त्यामुळे बाळंतपणानंतर बाईचं माप कसं बदलतं, कुठलं परत येतं आणि कुठलं येत नाही, हे मी खात्रीनं सांगू शकते.

हल्ली एक गोष्ट बघते आणि जिवाला लागते. बाळ दोन महिन्यांचं असतं. आई माप द्यायला उभी राहिली की श्वास ओढून पोट आत घेते आणि तशीच थांबते. मी टेप सैल धरून वाट बघते, पण ती श्वास सोडत नाही. "मावशी, जुन्याच मापाचा शिवा, मी बारीक होणारच आहे." मग मोबाइल निघतो. ओळखीतलीच कुणीतरी, सहा आठवड्यांत पोट सपाट, आरशापुढचा फोटो, आणि खाली लिहिलेलं की मनात आणलं तर सगळं होतं. रात्रभर जागलेली ही पोरगी मला विचारते, "माझ्यातच काही कमी आहे का?"

तुझ्यात काही कमी नाही. काय करायचं ते सांगते.

शिवणाचं आधी

जुन्या मापाचा ब्लाउज मी शिवून देत नाही. रोज सकाळी हूक लागत नाही म्हणून दिवसाची सुरुवात रडून होत असेल, तर चूक त्या ब्लाउजची आहे. तो पिशवीत भर आणि माळ्यावर टाक. कपाटात समोर लटकत ठेवू नकोस. आज अंगाला बसतील असे दोन-तीन ब्लाउज किंवा कुर्ते करून घे. मोठा खर्च नाही, साधं सुती कापड आण.

शिंप्याला काय सांगायचं ते नीट ऐक. माप बाळाला पाजायच्या आधी दे, छाती भरलेली असताना. पाजल्यावर दिलंस तर दोन तासांनी तोच ब्लाउज काचतो. काचणाऱ्या कपड्यानं दूध साचून गाठ होते, ताप येतो, हे मी अनेकींचं बघितलं आहे आणि डॉक्टरही हेच सांगतात. हूक पुढूनच हवेत. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, ठेवायला सांग. पुढे अंग उतरलं तर तीच शिवण आत घेता येते, वाढलं तर सोडता येते, आणि कापड फुकट जात नाही. ड्रेसला प्रिन्सेस कट घेतलास तर त्याच्या उभ्या शिवणीत दोन चेन लपवता येतात. बाहेर गेल्यावर पाजायला सोपं जातं आणि कुणाला दिसतही नाही.

सिझेरियन झालं असेल तर परकराकडे लक्ष दे. नाडा बरोबर टाक्यांवर येतो. दिवसभर तिथं घासतं, खाजतं, आणि बाया तशाच सोसतात. परकराला नाड्याऐवजी तीन-चार बोटं रुंद पट्टा लावून घे आणि तो बेंबीच्या वर येईल एवढी उंची वाढव. कुठलाही शिंपी अर्ध्या तासात करून देईल. टाक्यांच्या आसपासची जागा बधिर लागते, तिथं हात लावला तरी नीट कळत नाही, म्हणून काचलेलंही उशिरा समजतं. रात्री एकदा आरशात बघत जा.

आणखी एक. वजन अगदी पहिल्यासारखं झालं तरी जुना ब्लाउज पाठीत बसत नाही, असं पुष्कळदा होतं. गरोदरपणात बरगड्यांचा घेर रुंदावतो आणि सगळ्यांचाच पूर्ण आत येतो असं नाही. पुष्कळ जणींचं पाऊलही वाढतं, चप्पल मोठी लागते. हाड रुंदावलं तर उपाशी राहून ते बारीक कसं होणार? माझ्या वहीत लग्नाच्या वेळी ३२ छाती असलेल्या कितीतरी जणी आहेत, ज्या आज ३६ वर आनंदात आहेत, शेतात राबतात, बँकेत जातात, गाडी चालवतात.

तो फोटो मापाच्या नजरेनं बघ

फोटो आला की आधी 'पूर्वीचा' आणि 'आत्ताचा' यांच्या तारखा बघ. पूर्वीचा फोटो पुष्कळदा बाळंतपणानंतरच्या पहिल्याच आठवड्यातला असतो. तेव्हा पोट मोठं दिसणारच, कारण गर्भाशय अजून आकसलेलं नसतं. ते मूळ जागी जायला साधारण सहा आठवडे लागतात आणि त्यासाठी काहीच करावं लागत नाही, दिवसभर झोपून राहणाऱ्या बाईचंही जातं. म्हणजे सहा आठवड्यांच्या 'कमाल' फरकातला मोठा भाग निसर्गाचा असतो, आणि नाव कुठल्यातरी पावडरीचं किंवा कोर्सचं होतं.

मग कपडा बघ. कमरेपर्यंत चढणाऱ्या व्यायामाच्या टाइट्सना वर जो रुंद पट्टा असतो, तो पोट दाबायलाच असतो. मी तसे पट्टे लावते, त्यात किती मावतं मला माहीत आहे. फोटो सकाळी रिकाम्या पोटी काढलेला, एक पाय पुढे, अंग तिरकं, उजेड बाजूनं. तीच बाई जेवून समोर सरळ उभी राहिली तर दोन इंचांचा फरक सहज दिसेल.

विकत काय आहे तेही बघ. पैसे घेऊन केलेली जाहिरात असेल तर तसं स्पष्ट लिहावं, हा जाहिरात क्षेत्राच्या 'आस्की' या संस्थेचा नियम २०२१ पासून आहे. आरोग्याचा सल्ला देणाऱ्यांनी आपलं शिक्षण सांगावं, असंही २०२३ मध्ये त्यात घातलं आहे. दोन्ही दिसलं नाही तर पुढे जा.

सगळ्यात महत्त्वाचं फोटोत नसतंच: बाळ कोणाकडे आहे? स्वयंपाक कोण करतंय? २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मारिया कँग नावाच्या बाईंचा असाच एक फोटो जगभर फिरला होता. व्यायामाच्या कपड्यांत त्या, भोवती तीन मुलगे, तीन वर्षांचा, दोन वर्षांचा आणि आठ महिन्यांचा, आणि वर प्रश्न: 'तुमची सबब काय?' त्यांची मेहनत खरी होती, त्याबद्दल मला आदर आहे. पण दुसरीला सबब विचारायचा अधिकार त्या मेहनतीनं मिळत नाही. जिच्या घरी पाण्याचा टँकर दिवसाआड येतो, जी सासऱ्यांचं पथ्य आणि बाळाचं लंगोट एकाच वेळी सांभाळते, तिला सबब देण्याची गरजच नाही.

मोबाइलमध्ये करायचं ते असं: ज्या रीलनं पोटात खड्डा पडतो, त्यावर बोट दाबून धर आणि 'नॉट इंटरेस्टेड' निवड. चार-आठ दिवस चिकाटीनं केलंस की येणारं कमी होतं. मैत्रिणीचं स्टेटस असेल तर तेही बोट दाबून म्यूट करता येतं, तिला कळत नाही आणि मैत्रीही टिकते. रात्री पाजताना तर मोबाइल लांबच ठेव. तीन वाजता, एकटी, थकलेली असताना बघितलेला फोटो दुपारी बघितलेल्यापेक्षा खूप जास्त लागतो. त्या वेळी गाणी लाव, आईनं पाठवलेलं काहीतरी ऐक.

पोटाचं खरं काम

माझ्याकडे एक फिजिओथेरपिस्ट ड्रेस शिवायला येते. तिनं शिकवलेलं मी आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला सांगते. उताणी झोप, गुडघे दुमडून घे. बेंबीच्या वर दोन बोटं आडवी ठेव आणि डोकं हळूच उचल. पोटाच्या मधोमध बोटं आत जातात का, उंचवटा उभा राहतो का, ते बघ. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधून विलग होतात, बहुतेक सगळ्यांचेच. बऱ्याच जणींचे ते पुढच्या काही आठवड्यांत जवळ येतात. दोनपेक्षा जास्त बोटं मावत असतील, तर रीलमधले पोटाचे व्यायाम, सिट-अप्स, प्लँक यातलं काहीही सुरू करू नकोस, पोट आणखी बाहेर येऊ शकतं. आधी फिजिओथेरपिस्टला दाखव. ती श्वासाचे आणि लघवी रोखून धरणाऱ्या खालच्या स्नायूंचे व्यायाम देते. बघायला काहीच नाही, त्याचा कुणी फोटो टाकत नाही, पण गुण त्यानंच येतो.

शिंकलं, खोकलं, हसलं की लघवीचा थेंब सुटतो, हे ट्रायलच्या पडद्यामागे मला किती जणी कानात सांगतात! यावर इलाज आहे. पॅड लावून जन्म काढायचा नाही, डॉक्टरांना सांगायचं.

पोटपट्ट्याचं विचारतात. सिझेरियननंतर उठताना-बसताना त्याचा आधार वाटतो, दुखणं कमी होतं, तेवढ्यासाठी चांगला. त्यानं चरबी उतरत नाही. आणि आवळून बांधलास तर दाब खाली जातो, म्हणजे लघवी सुटण्याच्या तक्रारीत भरच.

चालणं हळूहळू सुरू कर. साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो, तो शोध. चार भिंतीच्या टेकडीचा चढ नंतर. यवतेश्वरच्या घाटातली २१ किलोमीटरची हिल हाफ मॅरेथॉन झाली की दोन दिवस सगळ्यांच्या स्टेटसला मेडल असतं, बघून पाय शिवशिवतात, कळतं मला. पण बाळंतपणानंतर निदान तीन महिने पळू नये, असं ती फिजिओ सांगते. सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

जेवण

पाजणाऱ्या आईनं डाएट करायचं नाही, एवढंच. पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, असं आपल्या आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणणं आहे. भाकरी, वरण, पालेभाजी, अंडं, दूध, अळिवाचा लाडू एखादा. दिवसाला पाच लाडू मात्र नकोत, सासूबाईंनी कितीही मायेनं दिले तरी. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, सरकारी दवाखान्यात मिळतात, आशाताईंना विचार. गळून गेल्यासारखं वाटतं त्याला आपण आळस म्हणतो, आणि रक्त तपासलं की हिमोग्लोबिन ८ निघतं.

बारशात बोलणारे

"अगं, अजून पोट तसंच? आत दुसरं आहे की काय?" असं हसत म्हणणारी एक तरी असतेच. तिला लांबलचक उत्तर द्यायचं नाही. "बाळ तीन किलोचं झालं काकू, छान पितंय," एवढं म्हण आणि पुढच्या माणसाकडे वळ. जाऊबाईंनी त्यांच्या वेळचं सांगायला सुरुवात केली तर बाळ त्यांच्या हातात दे आणि जेवायला बस. नवऱ्यानं मात्र अशा वेळी गप्प राहू नये. "तिला डॉक्टरांनी सांगितलंय, आम्ही बघतोय," हे वाक्य त्याच्या तोंडून आलं की विषय तिथंच संपतो. त्याला आधी सांगून ठेव, आयत्या वेळी सुचत नाही पुरुषांना.

तूच फोटो टाकणार असशील तर

टाक. मेहनत केलीस तर अभिमान वाटणारच. फक्त सोबत लिही की बाळ किती महिन्यांचं आहे, तुझ्या व्यायामाच्या वेळात त्याला कोण घेतं, आणि तुला काय करता यायला लागलं. 'पाच किलो उतरले' यापेक्षा 'अजिंक्यताऱ्यावर न थांबता चढले' हे वाचून दुसरीला हुरूप येतो. आपल्या माण तालुक्यातली मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. दुकानात आठवडाभर तोच विषय होता. कितवी आली, किती वेळात आली, एवढंच सगळ्या विचारत होत्या. तिच्या कमरेचं माप एकीनंही विचारलं नाही.

दुसरीला उपदेश मात्र लिहू नकोस. तुझ्या यादीत कुणाचं बाळ काचेच्या पेटीत असतं, कुणाचं गेलेलं असतं.

हे दिसलं तर थांबायचं नाही

बाळंतपणानंतर पहिले आठ-पंधरा दिवस उगाच रडू येतं, ते बहुतेक जणींचं आपोआप ओसरतं. पण दोन आठवड्यांनंतरही रडू थांबत नसेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, जेवण बघवत नसेल, जेवलेलं मुद्दाम ओकून काढावंसं वाटत असेल, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नसेल, तर तो आजार आहे आणि औषधानं, बोलण्यानं बरा होतो. ज्या डॉक्टरांनी बाळंतपण केलं त्यांना स्पष्ट सांगायचं. रात्री-अपरात्री १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतीच्या, नंबरवर फोन लावता येतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. जीव द्यावासा वाटतो किंवा बाळाला काही करावंसं वाटतं, असा विचार एकदा जरी आला, तरी सकाळची वाट बघायची नाही. घरातल्या कुणालाही उठवायचं, बाळ त्यांच्याकडे द्यायचं आणि त्यांना सोबत घेऊन दवाखाना गाठायचा.