रिमोटचा सेल गेला तरी गाडी चालू होते

द्राक्षबागांना लागणारी औषधं पुरवणं हा माझा धंदा. राहायला नाशिकचं इंदिरानगर, पण हिवाळ्यातली निम्मी पहाट निफाड-पिंपळगावच्या शिवारात जाते. यंदा जानेवारीत अशाच एका पहाटे आप्पांच्या बागेत होतो. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून त्यांनी ओळीओळीत शेकोट्या पेटवल्या होत्या, ठिबक चालू ठेवलं होतं. मी चावी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवून तासभर बागेत फिरलो. परत आलो, रिमोट दाबला. काहीच नाही. दहा वेळा दाबला. गाडी ढिम्म.

त्यानंतरची चाळीस मिनिटं लाजिरवाणी होती. एका सर्व्हिस सेंटरला फोन लावला, तर तिकडून थंड आवाजात उत्तर आलं, "गाडी उचलून आणावी लागेल." आप्पांचा कॉलेजात जाणारा पुतण्या चहा घेऊन आला आणि म्हणाला, "काका, ह्याच्या आत चावी असते ना?" मी ही गाडी तीन वर्षं चालवतोय. आत चावी असते हे मला माहीत नव्हतं.

तुम्हालाही माहीत नसेल तर हे घरच्या पार्किंगमध्येच एकदा करून बघा. बागेत अंधारात शिकायची गोष्ट नाही ही.

पुश बटण स्टार्टच्या गाडीची चावी म्हणजे काळी डबी. तिच्या कडेला किंवा मागे छोटी खिट्टी असते. ती सरकवून किंवा दाबून धरायची आणि वरची कडी ओढायची, की पातळ लोखंडी पातं बाहेर येतं. दाराच्या हँडलजवळ त्याचं भोक असतं. काही गाड्यांत ते प्लास्टिकच्या टोपीखाली लपवलेलं असतं. टोपीच्या खालच्या बाजूला बारीक खाच दिसते, तिथून पात्याच्याच टोकाने अलगद उचकटायची. वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे कुलूप जाम असतं, म्हणून जोर लावू नका. पातं मुडपलं तर खरंच गाडी उचलून न्यावी लागेल. घरी सरावाच्या वेळी भोकात थोडी ग्राफाइट पावडर फुंकून ठेवा. तेल नको, त्यावर आपली धूळ बसते.

दार उघडलं की बऱ्याच गाड्या बोंब मारायला लागतात. आप्पांची कुत्री त्या हॉर्नला साथ देत होती. घाबरायचं नाही, गाडी चालू झाली की आवाज बंद होतो.

आता खरी गंमत. सेल मेला तरी चावीत एक चिप जिवंत असते, कारण तिला सेल लागतच नाही. गाडीतल्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, निघणाऱ्या लहरींवर ती तेवढ्यापुरती जागी होते आणि आपली ओळख सांगते. फक्त अंतर अगदी कमी लागतं, बोटाच्या पेराएवढं. म्हणून ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक, गिअरची असेल तर क्लच पूर्ण दाबायचा आणि चावी स्टार्टच्या बटणाला टेकवायची. बऱ्याच गाड्यांत बोटाऐवजी चावीच्या टोकानेच बटण दाबतात. काही गाड्यांत कॉइल कप होल्डरच्या तळाशी किंवा गिअरजवळच्या खाचेत असते, तिथे चावी ठेवावी लागते. तुमच्या गाडीत कुठे, ते मॅन्युअलमध्ये चित्रासकट असतं. त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मॅन्युअल गाडीतच राहतं आणि गाडी बंद असते, हा त्यातला विनोद.

जुन्या पद्धतीची, फिरवायची चावी असेल तर एवढाही व्याप नाही. दारात घाला, उघडा, मग इग्निशनमध्ये घाला आणि फिरवा. तिच्यातली चिपही सेलशिवायच चालते.

आप्पांनी मात्र तिसराच उपाय सांगितला होता. "दादा, काखेत धरा ती जरा. कोंबडीचं पिल्लू धरतो तशी." मी हसलो, पण गारठ्यात सेलची ताकद खरंच आटते आणि ऊब मिळाली की थोडी परत येते. पाच-सात मिनिटांनी दाराला चिकटून दाबलं तर चावीवरचा लाल दिवा एकदा लुकलुकला. दार काही उघडलं नाही. किंचित कमी मेलेला सेल असता तर उघडलं असतं. ऊब अंगाचीच द्या. शेकोटीजवळ चावी नेऊ नका, आत लिथियम असतं.

सेलच गेलाय हे ओळखायचं कसं? दुसरी चावी वापरून बघा. तिने गाडी उघडली तर पहिलीचा सेल गेला. दोन्हींनी उघडत नसेल आणि आतला दिवाही लागत नसेल, तर गाडीची मोठी बॅटरी उतरली आहे, तो वेगळा विषय. सेल मरण्याआधी सांगूनही जातो. आधी पार्किंगच्या टोकावरून चालणारा रिमोट दाराजवळ जाऊन दोनदा दाबावा लागतो. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह येतं. मला ते दिवाळीपासून दिसत होतं.

सेल बदलणं पाच मिनिटांचं काम. माझ्या चावीत सीआर २०३२ आहे आणि बहुतेकांच्या हाच असतो, तरी जुन्यावरचा आकडा वाचूनच घ्या. २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर २०२५ तेवढाच गोल, पण जाडीला २.५. मी आधी घाईत तोच आणला, सैल बसला म्हणून मागे चांदीचा कागद घडी करून लावला. दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी कॉलेज रोडवर मिसळ खाऊन बाहेर आलो तर पुन्हा तेच. असली कारागिरी करू नका.

पातं काढल्यावर त्या जागी एक खाच दिसते. तिच्यात नाणं घालून हळूच पिळा, डबी दुभंगते. स्क्रू-ड्रायव्हर वापरायचा असेल तर टोकाला कापड गुंडाळा, नाहीतर कडेला चावे पडतात. उघडल्याबरोबर फोटो काढा, म्हणजे अधिकची बाजू वर होती की खाली हा वाद उरत नाही. नवा सेल कडेने धरा. लोखंडी चिमट्याने नको, दोन्ही बाजूंना एकदम लागला तर शॉर्ट होतो. कोरड्या फडक्याने पुसून बसवा. कडेने रबराची बारीक रिंग असेल तर ती जागेवर आहे ना बघा, पावसाचं पाणी तीच अडवते. मग चारही बाजूंनी दाबा, टक् असा आवाज आला पाहिजे. चावी गाडीला पुन्हा ओळखवून द्यावी लागत नाही, निदान बहुतेक गाड्यांत नाही. त्यासाठी वेगळे पैसे कोणी मागितले तर आधी कशाचे ते विचारा.

सेल मी मेन रोडवरच्या घड्याळवाल्याकडून घेतो. पाकिटातला, मुदत बघून. डब्यात सुटे खुळखुळणारे घेऊ नयेत, ते एकमेकांना लागून आधीच अर्धे उतरलेले असतात.

जुना सेल टेबलावर सोडू नका. घरात लहान मूल असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं. गिळलेला सेल दोन तासांतही अन्ननलिका जाळू शकतो, त्यामुळे नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. मी दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावतो आणि घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळा देतो, ओल्या-सुक्यात टाकत नाही.

आणि आमची चावी दाराशेजारच्या खिळ्याला असायची, भिंतीच्या पलीकडेच गाडी. एवढ्या जवळ असलं की गाडी आणि चावी रात्रभर एकमेकींशी बोलत राहतात आणि सेल लवकर संपतो. आता ती स्वयंपाकघरात, चहाच्या डब्यामागे असते. रोज सकाळी बायको विचारते, साखर शोधताय की चावी.