१२३४५६७८९ चे अवयव कागदावर कसे पाडायचे

१ ते ९ ओळीने लिहिले की होणारी ही संख्या, बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. हिचे अवयव पाडा म्हटलं की कोणीतरी लगेच सांगतं, ७ ने बघ, ११ ने बघ, १३ ने बघ, असं करत जा. सांगणाऱ्याने स्वतः कधी करून बघितलेलं नसतं.

अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग द्या. उरले १३७१७४२१. यातल्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ चा विषय संपला.

आता खरी कटकट, मलाही हीच पायरी छळायची. वर्गमूळ येतं साधारण ३७०३.७, आणि मूळ संख्या एकेक करून तपासत गेलात तर पाचशेच्या आसपास भागाकार झाल्यावर पहिला भाग जातो. एवढं कोण करणार? त्यापेक्षा १७व्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची युक्ती वापरा, जी शाळेतल्या अ² − ब² = (अ − ब)(अ + ब) वरच चालते. वर्गमूळाच्या लगेच वरची संख्या अ धरायची, वर्गातून आपली संख्या वजा करायची, आणि उरलेलं पूर्ण वर्ग आहे का बघायचं.

सगळे ३७०४ पासून सुरू करतात. वजाबाकी २१९५. शेवटी ५ असलेल्या पूर्ण वर्गाच्या शेवटी २५ च असतात, इथे ९५ आहेत, म्हणजे बाद, वर्गमूळ काढत बसायचंच नाही. खरं तर ३७०४ घ्यायचंच नव्हतं, कारण १३७१७४२१ ला ४ ने भागलं की बाकी १ उरते आणि अशा वेळी अ विषमच लागतो (सम घेतला तर बाकी ३ येईल). निम्मं काम तिथेच वाचतं आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही.

मग ३७०५. वर्ग तोंडी होतो, ३७० × ३७१ = १३७२७०, पुढे २५ लावा, १३७२७०२५. वजाबाकी ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग. झालं! ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३.

पण ही युक्ती सगळीकडे चालवू नका. इथे दोन्ही अवयव एकमेकांजवळ होते म्हणून पटकन सुटलं. एक छोटा आणि दुसरा अवाढव्य असेल तर अ वाढवत म्हातारे व्हाल. दहा-पंधरा वेळा करून जमलं नाही तर सोडा आणि छोट्या मूळ संख्यांकडे वळा.

३६०७ साठी ५९ पर्यंत आणि ३८०३ साठी ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघा, दोन्ही मूळ निघतात. म्हणजे ३² × ३६०७ × ३८०३.

विभाजक ३ × २ × २ = १२. त्यांची बेरीज (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३), म्हणजे १३ × ३६०८ × ३८०४ = १७८४२२८१६, त्यातून ती संख्या वजा केली की ५४९६६०२७, म्हणजे तिच्या निम्म्याहूनही कमी.

अजून एक, १२३४५६७८९ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते म्हणून ती दोन वर्गांची बेरीज असेलच असं ठोकून देणारे भेटतात. ३६०७ आणि ३८०३ दोघांनाही ४ ने भागलं की बाकी ३ उरते आणि दोघेही एकेकदाच आलेत, त्यामुळे तशी जोडी शोधत बसू नका, नाहीच आहे.