कॉलेजची तक्रार नेमकी कोणाकडे करायची?

'सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.' कॉलेजविरुद्ध अर्ज करणाऱ्यांच्या हाती बहुतेक वेळा हे एकच वाक्य पडतं. एकच अर्ज मंत्री, राज्यपाल, कुलगुरू आणि सहसंचालक अशा चौघांना पाठवला, की तो 'आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी' असा शेरा घेऊन प्राचार्यांच्याच टेबलावर परत येतो. दोष दर वेळी सरकारी ढिलाईचाच असतो असं नाही. महाराष्ट्रात कॉलेजवर लक्ष ठेवणारी कार्यालयं अनेक आहेत आणि प्रत्येकाच्या हातात वेगळी किल्ली आहे. कुठली किल्ली कोणाकडे, हे कळलं की निम्मं काम होतं.

सुरुवात कॉलेजच्या प्रकारापासून करा. अनुदानित कॉलेज असेल तर मान्य पदांवरच्या शिक्षकांचे पगार सरकार देतं, म्हणून उच्च शिक्षण खात्याच्या विभागीय सहसंचालकांचा शब्द तिथे चालतो. विनाअनुदानित कॉलेजला पगारासाठी सरकारचा पैसा नसतो, पण सुरू होण्यासाठी शासनाची परवानगी आणि विद्यापीठाचं संलग्नीकरण, म्हणजे विद्यापीठाशी जोडलं जाण्याची मान्यता, दोन्ही लागतं. स्वायत्त कॉलेज परीक्षा स्वतः घेतं, तरी पदवी विद्यापीठाचीच असते. अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचा मामला वेगळा. त्याला दर्जा मिळतो तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातल्या कलम ३ खाली, केंद्राकडून. त्याच्या फीची तक्रार सहसंचालकांकडे केली तर वर दिलेलं वाक्यच उत्तर म्हणून येईल. खासगी विद्यापीठ राज्याच्या कायद्याने उभं राहतं, पण ते इतर विद्यापीठांना संलग्न नसतं. कॉलेजच्या पाटीवर 'युनिव्हर्सिटी' हा शब्द ठळक असला तरी त्यावरून काहीच ठरत नाही. मंजुरीच्या पत्रात काय लिहिलंय, ते पाहा.

आता किल्ल्या. मंत्रालयातल्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाखाली पुण्यात उच्च शिक्षण संचालनालय आहे आणि मुंबईत तंत्रशिक्षण संचालनालय. कला, वाणिज्य, विज्ञान अशी पारंपरिक कॉलेजं पुण्याकडे, तर अभियांत्रिकी, औषधनिर्माण, व्यवस्थापन ही मुंबईकडे. दोघांचीही विभागीय कार्यालयं आहेत आणि अर्ज आधी तिथेच द्यायचा असतो, थेट संचालकांना नाही. वैद्यकीय, दंत आणि आयुर्वेद शिक्षणाचा विभागच निराळा, विद्यापीठही नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. कृषीचंही तसंच. या दोन शाखांचा अर्ज चुकून उच्च शिक्षणाकडे गेला तर तो दुसऱ्या विभागाकडे वळवण्यातच वेळ जातो.

संलग्नीकरण, अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल आणि शिक्षकांना मान्यता या गोष्टी विद्यापीठाच्या. कायदा आहे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. राज्यपाल कुलपती असतात म्हणून गुणपत्रिकेतल्या चुकीसाठी राजभवनाला पत्र धाडणारे बरेच असतात. त्याचा उपयोग नाही. गुणपत्रिकेचं काम परीक्षा विभागात, कायम नोंदणी क्रमांक आणि बैठक क्रमांक दिल्यावरच हलतं. मात्र निकालच रखडला असेल तर गोष्ट निराळी. शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावावा असं हाच कायदा सांगतो, आणि तेवढ्यात जमलं नाही तर कारणांसह अहवाल कुलपतींकडे जावा लागतो. मुंबई विद्यापीठात २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा घोळ होऊन निकाल लांबले, तेव्हा कुलपतींनी कुलगुरूंनाच पदावरून दूर केलं होतं.

प्रवेशाआधी एक कागद मागून स्वतः वाचा: चालू शैक्षणिक वर्षाचं संलग्नीकरण पत्र. ऑफिसातले क्लार्क बहुधा भिंतीवरची चौकट दाखवतात. तिच्यातलं पत्र जुनं असू शकतं. पत्रात चार गोष्टी बघायच्या. वर्ष कोणतं. अभ्यासक्रमाचं नाव अक्षरशः तेच आहे का, म्हणजे बी.एस्सी. मंजूर असताना जाहिरातीत बी.एस्सी. संगणकशास्त्र तर नाही ना. मंजूर प्रवेशसंख्या किती. आणि शेवटी बारीक अक्षरांतल्या अटी. 'पूर्णवेळ प्राचार्याची नेमणूक करण्याच्या अटीवर' असं वर्षानुवर्षं लिहून येत असेल, तर विद्यापीठाच्या स्थानीय चौकशी समितीला ती उणीव दर वेळी दिसलेली आहे आणि कॉलेजने ती भरून काढलेली नाही, हे ओळखा.

कॉलेज नवंकोरं असेल तर 'इरादापत्र' आणि 'अंतिम परवानगी' यांत गल्लत होऊ देऊ नका. अधिनियमाच्या कलम १०९ प्रमाणे संस्थेला आधी इरादापत्र मिळतं. मग इमारत, पैसा, ग्रंथालय यांची पूर्तता दाखवल्यावर शासन अंतिम परवानगी देतं, आणि त्यानंतर विद्यापीठ संलग्नीकरण देतं. निव्वळ इरादापत्रावर प्रवेश देता येत नाही. तरीही फ्लेक्सवर 'शासनमान्य' लिहायला तेवढं पुरतं असं समजणाऱ्या संस्था आहेत. नवी तुकडी, नवा विषय किंवा नवी विद्याशाखा सुरू करतानाही शासनाची परवानगी लागते, हे जुन्या नामांकित कॉलेजांच्या बाबतीत पालक विसरतात.

मंजूर ६० आणि प्रवेश ८० असं झालं तर त्या वरच्या २० जणांचं काय होतं? पहिले काही महिने काहीच नाही. वर्ग भरतात, फी जाते. मग विद्यापीठाकडे पात्रतेची यादी गेली की यांचा नोंदणी क्रमांक तयार होत नाही, परीक्षा अर्ज भरला जात नाही, आणि कॉलेज 'सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे' म्हणतं. म्हणून पहिल्या सत्राचा परीक्षा अर्ज सुरू होण्याआधीच आपला क्रमांक आला का, ते विद्यापीठाच्या पोर्टलवर पाहून घ्या.

बीबीए, बीसीए, बीएमएस यांचा ताजा गुंता वेगळा. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी सुरू झाली. ते टाळायला अनेक कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं. नाव बदलून विद्यापीठाची मंजुरी घेतली असेल तर पदवी खोटी ठरत नाही, पण ती बीबीए नव्हे. जाहिरातीत बीबीए आणि पत्रात बी.कॉम. असेल तर प्रवेश घेताना तेवढं डोळ्यांसमोर असू द्या.

फीच्या तक्रारी सर्वांत जास्त आणि सर्वांत कच्च्या असतात. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. प्रवेशांसाठी त्याच कायद्याखाली प्रवेश नियामक प्राधिकरण आहे. मंजूर फी कॉलेजनिहाय, अभ्यासक्रमनिहाय प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. तिची छापील प्रत घ्या आणि पावतीशेजारी ठेवा. मंजूर आकड्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क येतं. पावतीवर त्याखाली 'इतर', 'विकास उपक्रम', 'प्लेसमेंट' अशा ओळी असतील तर तक्रार त्या ओळींवर करा, 'फी फार आहे' अशी नको. पावतीच देत नसतील तर रोख भरू नका. बँकेतून भरा. प्रवेशासाठी ठरलेल्या फीपलीकडे मागितलेली देणगी हा १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याखाली गुन्हा आहे, पण पुराव्याचा तुकडाही नसेल तर पुढे काही होत नाही.

मुलींच्या फीबाबत ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय सोबत ठेवा. वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून (कॅप) व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश झाला असेल तर, शिक्षण व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. अभिमत आणि खासगी विद्यापीठं यात नाहीत. वसतिगृह, मेस, बस यांचाही यात समावेश नाही, आणि भांडण बहुतेक वेळा तिथेच होतं.

प्रवेश रद्द केल्यावर पैसे अडकले तर विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची अधिसूचना पाहा. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेआधी १५ दिवस किंवा त्याहून अगोदर रद्द केलात तर पूर्ण परतावा. त्यातून ५ टक्के, पण ५,००० रुपयांपेक्षा जास्त नाही, एवढंच कापता येतं. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवण्यास तीच अधिसूचना मनाई करते. आयोग मधूनमधून त्या वर्षापुरतं वेगळं परिपत्रकही काढतो, तेव्हा चालू वर्षाचं तपासा.

अर्ज लिहिताना विषयाची ओळ अशी असू द्या: 'शुल्क नियामक प्राधिकरणाच्या मंजुरीपेक्षा जादा घेतलेले रु. १२,५०० परत मिळण्याबाबत'. एका अर्जात एकच मागणी, सोबत पावती आणि मंजुरीची प्रत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का. फी, वागणूक, भेदभाव अशा तक्रारी आधी कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे द्याव्या लागतात. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. समितीची पायरी गाळून थेट लोकपालांकडे गेलात तर अर्ज परत येण्याची शक्यता जास्त.

आणि कोणीच उत्तर देत नसेल तर माहिती अधिकार. तो तक्रारीचा मार्ग नाही, कागद बाहेर काढण्याचा आहे. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, साधारण १५० शब्दांत. 'माझ्या तक्रारीवर काय केले?' असं विचारू नका. 'आवक क्रमांक अमुकच्या अर्जावरील टिपणीच्या व पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात' असं मागा. मुदत ३० दिवसांची. टिपणीत कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर फाइल थांबली, ते शेऱ्यांसकट दिसतं.