तीन फासे आणि एकच अदलाबदल: १९८१च्या बेसिक डी अँड डीसाठी हाऊस रूल

जुन्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या (डी अँड डी, फासे टाकून खेळायचा कल्पनारम्य भूमिकांचा खेळ) टेबलावर पहिला वाद कॅरेक्टर, म्हणजे खेळाडूचं पात्र, बनवतानाच होतो. "सगळे आकडे रद्दी आलेत, परत टाकू?" डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) एकाला हो म्हणाला की उरलेले चौघेही फासे उचलतात. म्हणून नियम आधी कागदावर लिहा, मग फासे काढा. खालचे हाऊस रूल, म्हणजे आपल्या टेबलापुरते बदललेले नियम, १९८१च्या बेसिक संचावर बेतलेले आहेत.

आधी काय करू नये ते. चार सहापैलू फासे टाकून सगळ्यात लहान बाजूला काढायची पद्धत इथे आणू नका. ती १९७९च्या अ‍ॅडव्हान्स्ड नियमांमधून आली. तिथे बहुतेक गुणांचा (ताकद, बुद्धी अशा पात्राच्या सहा क्षमतांचे आकडे) फायदा १५-१६च्या आसपास सुरू होतो, त्यामुळे मोठे आकडे लागतातच. बेसिकमध्ये १३ला +१ मिळतो. तीन फाशांवर १३ किंवा वर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आहे. चारातला एक काढला की ती ४९ टक्के होते. म्हणजे निम्म्या रकान्यांत बोनस, आणि मग बोनसला काही किंमतच उरत नाही.

तेव्हा तीनच फासे, सगळ्यांसमोर, आणि ओळीने: स्ट्रेंथ (ताकद), इंटेलिजन्स (बुद्धी), विज्डम (शहाणपण), डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), करिश्मा (छाप). शीट (पात्राच्या आकड्यांचा कागद) कधी फाडायचं हे डीएमच्या मूडवर सोडू नका, आकडा ठरवा: दोन किंवा जास्त गुण ६ किंवा खाली, किंवा एकही गुण ९पर्यंत पोचत नाही. यात साधारण दहातलं एक शीट बाद होतं. बाद झालं तर सहाही गुण नव्याने टाकायचे. नुसता पडका आकडा बदलून मिळणार नाही.

आता मुख्य सवलत. क्लास (पात्राचा पेशा: फायटर म्हणजे लढवय्या, क्लेरिक म्हणजे धर्मगुरू, थीफ म्हणजे चोर, मॅजिक-यूझर म्हणजे जादूगार) निवडण्याआधी कोणतेही दोन गुण एकदाच अदलाबदल करता येतील. त्यानंतर पुस्तकातली नेहमीची तडजोड: क्लासचा मुख्य गुण १ने वाढवायला दुसरा एखादा गुण २ने उतरवायचा. उतरवता येतात फक्त स्ट्रेंथ, इंटेलिजन्स आणि विज्डम, तेही ९च्या खाली नाही. क्रम हाच ठेवा. उलट केलं तर खेळाडू आधी एक गुण फुगवतो, मग तोच उचलून कॉन्स्टिट्यूशनमध्ये बसवतो, जिथे पुस्तक वाढ करूच देत नाही.

समजा ओळीने ८, ११, १३, ९, ७, १५ पडले आणि खेळाडूला फायटर हवाय. स्ट्रेंथ ८ आणि करिश्मा १५ यांची अदलाबदल: स्ट्रेंथ १५. विज्डम १३वरून ११ केलं, स्ट्रेंथ १६ झाली. वार लागायला आणि इजेला +२, शिवाय अनुभवाच्या गुणांवर १० टक्के जादा. बदल्यात करिश्मा ८ झाल्याने पाचऐवजी तीनच रिटेनर (पगारी साथीदार) ठेवता येतील आणि त्यांचं मनोधैर्य ८वरून ६वर येईल. हा तोटा अदलाबदल करण्याआधी खेळाडूला सांगा. नंतर पहिल्या भुयारात मशालवाला पळाला की डीएमच्या नावाने खडे फोडले जातात.

हिट पॉइंटवर (पात्र किती इजा सोसू शकतं तो आकडा) सगळ्यात जास्त विचार करा, कारण बेसिकमध्ये शून्य म्हणजे मरण. मूळ नियमात सगळ्या शस्त्रांची इजा एक सहापैलू फासा. कॉन्स्टिट्यूशनचा फरक बाजूला ठेवला, तर आठपैलू फासा टाकून हिट पॉइंट घेतलेला फायटर पहिल्याच फटक्यात मरण्याची शक्यता जवळजवळ ४४ टक्के आहे. पहिल्या लेव्हलला (अनुभवाची पायरी) पूर्ण ८ दिले की ती शून्य होते. वरच्या उदाहरणातला फायटर कॉन्स्टिट्यूशन ७मुळे एक गमावतो, तरी ७वर उभा राहतो. मॅजिक-यूझरला मात्र तेवढा दिलासा नाही: चारपैलूवर ७५ टक्के, पूर्ण ४ दिले तरी ५०. तसंच राहू द्या, त्याने मागेच उभं राहायचं असतं. थीफचं तसं नाही. कुलूप उघडायला पुढे त्यालाच ढकलतात, म्हणून त्याला चारऐवजी सहापैलू द्या. पूर्ण ६ मिळाले की एका फटक्यातलं मरण सहात एकावर येतं. ही सूट पहिल्या लेव्हलपुरतीच. दुसरीपासून फासा टाकायचा.

मॅजिक-यूझरला मंत्राची निवड दिली की तो डोळे झाकून स्लीप (झोप आणणारा मंत्र) घेतो. त्याचंही बरोबर आहे: सेव्हिंग थ्रो (मंत्रातून वाचायला टाकायचा फासा) नाही आणि एका झटक्यात गॉब्लिनांची टोळी आडवी. पहिल्या पातळीचे मंत्र बरोबर १२ आहेत, म्हणून बारापैलू फासा दोनदा टाका, सारखाच आकडा आला तर पुन्हा. दोन्ही मंत्र पुस्तकात लिहायचे, दिवसाला मात्र एकच म्हणायचा. मग व्हेंट्रिलोक्विझमसुद्धा (आवाज दुसरीकडून आल्याचा भास) कधीतरी कामाला येतं.

खरेदीत अर्धा तास सहज जातो. सरसकट १०० नाणी दिली तर प्रत्येक फायटर ६०चं प्लेट चिलखत आणि १०ची ढाल घेऊन एसी (आर्मर क्लास, बचावाचा आकडा, जितका कमी तितका चांगला) २ करून बसतो. त्यापेक्षा तयार गाठोडं द्या. फायटरचं असं: चेन मेल (कड्यांचं चिलखत) ४०, ढाल १०, तलवार १०, पाठपिशवी ५, सहा मशाली १, चकमकीची डबी ३, दोर १, पाण्याची पखाल १, साधा शिधा ५. एकूण ७६, एसी ४. क्लेरिकला तलवार आणि दोराऐवजी गदा ५ आणि पवित्र चिन्ह २५ द्या, म्हणजे ९५ होतात. थीफच्या गाठोड्यात २५ची कुलूप उघडायची हत्यारं विसरू नका. वर रोख म्हणून तीन फाशांची बेरीज, तेवढीच नाणी.

शेवटी प्रत्येकाकडून दुसरं शीट बनवून घ्या आणि ते डीएमने जवळ ठेवा. पहिलं कॅरेक्टर मेलं की दुसरं पुढच्या खोलीत बांधलेला कैदी म्हणून सापडतं, आणि खेळाडूला तासभर दुसऱ्यांचा खेळ बघत बसावं लागत नाही. या शीटवर गाठोडं लिहू नका. कैद्याकडे चेन मेल कुठून आलं, यावरही कोणीतरी वाद घालतंच.