वारंवारतेवरून तरंगलांबी कशी काढावी आणि तरंगलांबीवरून वारंवारता

मध्यम लहरींवर आकाशवाणीचं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झला लागतं. जुन्या रेडिओच्या डायलवर किलोहर्ट्झऐवजी मीटरची पट्टी असेल, तर काटा ३७९ च्या जवळ न्यावा लागतो. दोन्ही आकडे एकाच लाटेचे. पहिला वारंवारता (सेकंदाला किती लाटा) सांगतो, दुसरा तरंगलांबी (एका लाटेची लांबी).

सूत्र पाठ करण्याआधी हा हिशोब नीट पाहा. रेडिओलहर सेकंदाला जवळजवळ ३० कोटी मीटर जाते (नेमका आकडा २९,९७,९२,४५८). ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ७ लाख ९२ हजार लाटा. तेवढ्या लाटा त्या ३० कोटी मीटरांत एकीमागे एक बसल्या, तर एकीच्या वाट्याला किती? ३०,००,००,००० ÷ ७,९२,००० = सुमारे ३७८.८ मीटर. तरंगलांबी म्हणजे वेगाला वारंवारतेने भागलं की जे येतं ते.

आता पायऱ्या.

पहिली पायरी: लाट कसली आहे ते ठरवा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. प्रकाश, रेडिओ, वायफाय यांना ३० कोटी मीटर हा वेग चालतो, आवाजाला नाही. २० अंश सेल्सिअसच्या हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली काळी एक साधारण २७७ हर्ट्झची, म्हणजे ३४३ ÷ २७७ = १.२४ मीटर. हातभर सुराच्या पेटीतून निघालेली लाट पेटीपेक्षा लांब असते! इथे चुकून प्रकाशाचा वेग घेतलात, तर उत्तर हजार किलोमीटरच्या वर जाईल. असं काही दिसलं की परत या पायरीवर या.

दुसरी पायरी: एकक हर्ट्झमध्ये आणा. किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे १० लाख, गिगा म्हणजे १०० कोटी. रेडिओसाठी मात्र मला शून्यं मोजत बसण्यापेक्षा एक आडवाट आवडते: ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर थेट मीटरमध्ये येतं. एफएमचं १०० मेगाहर्ट्झ, म्हणून ३ मीटर. वायफायचं २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे २,४०० मेगाहर्ट्झ, म्हणून ०.१२५ मीटर, साडेबारा सेंटिमीटर.

तिसरी पायरी: उलटं जायचं असेल, तरी भागाकार तोच. ३०० ला मीटरने भागा, मेगाहर्ट्झ मिळतील. अवकाशातल्या हायड्रोजनची प्रसिद्ध रेडिओलहर २१.१ सेंटिमीटरची आहे. ३०० ÷ ०.२११ = सुमारे १,४२२. खरी वारंवारता १,४२०.४ मेगाहर्ट्झ, आपण ढोबळ आकडे घेतले म्हणून एवढासा फरक.

ही लहर ऐकणारी दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. तिच्या नावातच ‘मीटर लहरी’ आहेत. लांबून तबकडीच्या आरपार आभाळ दिसतं, कारण ती पत्र्याची नसून तारेच्या जाळीची आहे. जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. १५० मेगाहर्ट्झची लाट २ मीटरची, २१ सेंटिमीटरचीही भोकापेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे लाटेच्या लेखी ती जाळी जवळपास सलग आरसाच. वारा मात्र आरपार जातो, आणि सांगाडा हलका ठेवता येतो. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही दुर्बीण म्हणजे या भागाकाराचं मी पाहिलेलं सर्वांत सुंदर उदाहरण.

अँटेना स्वतः बनवणार असाल, तर आणखी एक गोष्ट. माध्यम बदललं की वारंवारता तीच राहते, पण वेग बदलतो आणि त्याबरोबर लांबीही. टीव्हीच्या कित्येक साध्या केबलमध्ये लहर हवेतल्यापेक्षा हळू, सुमारे ६६ टक्के वेगाने जाते. म्हणून १०० मेगाहर्ट्झची ३ मीटरची लाट तिथे साधारण २ मीटरची होते. केबलचा तुकडा कापायचा असेल, तर मोजपट्टी या २ मीटरच्या हिशोबाने लावा.