अंगणवाडीचं टाचण: खोली एक, वयं तीन

अंगणवाडी सेविका व्हायला बारावी उत्तीर्ण आणि त्याच गावची रहिवासी असावं लागतं; बालशिक्षणाची पदविका मागत नाहीत. शिकवायचं कसं, हे नेमणुकीनंतरच्या प्रशिक्षणातच कळतं. तिथे राज्याचा 'आकार' अभ्यासक्रम हाती येतो, आणि २०२४ पासून केंद्राचा 'आधारशिला'ही आहे. कृती दोन्हीत भरपूर. पण प्रशिक्षणात ती कृती मोठी माणसं करतात, सगळी एका वेळी, सांगितलं तसं. गावात खोली एक, लेकरं तीन ते सहा वर्षांची, आणि हाताशी एक मदतनीस.

नवीन ताई अशा वेळी तीन वयांचे तीन तक्ते आखते. ते चार दिवसांत बंद पडतात, कारण एका गटाला शिकवताना उरलेले दोन गट मोकळे सुटतात. टाचण, म्हणजे दिवसाच्या कामाची लेखी आखणी, करताना वस्तू एकच घ्या आणि काम तीन पायऱ्यांचं द्या.

दिवाळीच्या पुढे-मागे यवतमाळ, वर्धा, अकोल्याकडे घरोघरी कापूस असतो. एक टोपली पुरते. तीन वर्षांच्यांनी सरकी (कापसाचं बी) काढलेला कापूस हाताळायचा, मऊ काय नि टणक काय ते सांगायचं, या टोपलीतून त्या टोपलीत भरायचा. चार वर्षांच्यांनी कापूस, वाळकं पान आणि पराटीची (कापसाच्या झाडाची) काडी यांचे वेगळे ढीग करायचे. पाचच्या पुढच्यांनी कापसातून सरकी काढायची, दहा-दहाच्या रांगा लावायच्या, कोणती रांग लांब ते बघायचं. दोन रांगांत दाणे सारखेच, पण एक रांग पसरून मांडली तर चार-पाच वर्षांचं मूल तिच्यात जास्त दाणे आहेत म्हणतं. तिथे चूक दुरुस्त करू नका, एकास एक जोडी लावायला सांगा.

आता काय बिघडतं ते. बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं बोचतात, म्हणून बोंडं न आणता वेचलेला कापूस आणा. नुकतीच फवारणी झालेल्या वावरातला कापूस आणू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली होती. पेरणीच्या पाकिटातलं रंगीत बियाणं तर खोलीतही नको, त्याला औषध लावलेलं असतं. सरकी, तुरीचा दाणा, चिंचोका तिनाच्या आसपासच्या लेकरांच्या हाती देऊ नका. नाकात गेलेला तुरीचा दाणा ओलाव्यानं फुगतो आणि मग घरी निघत नाही, दवाखानाच गाठावा लागतो. काम संपलं की दाणे ताई स्वतः मोजून डब्यात भरते, आणि सगळ्यांचे हात साबणानं धुऊन मगच आहार वाढतात.

भंडारा-गोंदियाकडे कापूस नाही, तिथे तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) काड्या घ्या. लहान-मोठ्या लावता येतात, दहाची जुडी बांधता येते. धानाच्या लोंब्या मात्र टाळलेल्या बऱ्या, कुसळ डोळ्यात जातं.

टाचणात 'मी कापसाची माहिती सांगेन' असं लिहू नका. मूल हातानं काय करेल ते लिहा: 'चिमटीनं सरकी काढेल.' पहिल्या वाक्यावरून काय आणायचं तेही कळत नाही. दुसऱ्यात साहित्य आणि काय बघायचं ते आलं. पर्यवेक्षिकेला दाखवायला पानभर उद्दिष्टं उतरवण्यात वेळ जातो, आणि ते पान वर्गात कुणी उघडत नाही. एका कृतीला पाच ओळी पुष्कळ. शेवटची ओळ ठेवा 'नाही जमलं तर'. पाऊस आला, मदतनीस रजेवर गेली, लसीकरणाचा दिवस निघाला, तर काय करायचं ते तिथे असावं.

गोलात बसून बोलणं दहा मिनिटांपेक्षा लांबवू नका. तीन वर्षांचं मूल पाचव्या मिनिटाला उठतंच, त्याला उठू द्या. वेचणीच्या हंगामात आया पहाटेच वावरात जातात आणि लेकरं उशिरा येतात. म्हणून महत्त्वाची कृती सुरुवातीला न ठेवता आहाराच्या आधीच्या तासात ठेवा, तेव्हा हजेरी भरलेली असते. मेळघाटात कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं होळीला परततात. मधल्या काळातले विषय तेव्हा पुन्हा घ्यायला जागा राखा.

तिथे, आणि गडचिरोलीतही, पुष्कळ लेकरांची घरची भाषा मराठी नसते. पाण्याला कोरकूत 'डा' आणि गोंडीत 'एर' म्हणतात. प्रत्येक विषयाचे असे दहा शब्द मदतनीस बाईंना विचारून टाचणाच्या समासात लिहा. आधी घरचा शब्द, मग मराठी. मूल बोलत नाही म्हणून त्याला 'मंद' ठरवण्याची घाई इथेच सगळ्यात जास्त होते.

निरीक्षणाच्या नोंदी सगळ्यांच्या रोज होत नाहीत. रोज पाच लेकरं ठरवा, पाच दिवसांत पंचवीस होतात. 'प्रगती चांगली' असं लिहू नका. 'सात सरक्या मोजल्या, आठ विसरली' असं लिहा.

तालुक्याच्या कॉन्व्हेंटमधली लेकरं एबीसीडी लिहितात आणि आमचं काहीच लिहीत नाही, ही तक्रार येणारच. पालकांच्या बैठकीत भाषण देऊ नका, सरकीची टोपली समोर ठेवा. ज्या चिमटीनं सरकी निघते तिनंच पुढे पेन्सिल धरायची असते, हे आईला स्वतः सरकी काढताना लगेच पटतं. तरी पाटी हवीच म्हणाल्या तर पाच वर्षांच्या पुढच्यांना द्या, आडव्या-उभ्या रेघा आणि गोलापुरती.