चौघांचा गट, चिंचोके आणि हातचा

आमची शाळा दोनशिक्षकी. दुसरी-तिसरी एकाच खोलीत, माझ्याकडे. गणिताच्या तासाला चार मुलांना घेऊन मी चटईवर बसते, बाकीची स्वाध्याय करतात, आणि पंधरा मिनिटांनी गट बदलतो. त्या वेळात घ्यायच्या खेळाला माझी एकच अट आहे: गणित केल्याशिवाय चाल खेळताच येऊ नये. आधी उदाहरण सोडवा, मग चांदणी मिळेल, याला मी खेळ मानत नाही. तिथे मुलाचं सगळं लक्ष चांदणीवर असतं.

गट चौघांचाच ठेवा. पाचवं मूल आलं की पाळी लांबते आणि चुळबूळ सुरू होते. एखादं मूल थोडं पुढचं असलेलं चालतं. फार पुढचं असेल तर ते सगळ्यांची उत्तरं आधीच ओरडून टाकतं.

सुरुवात दहाच्या जोड्यांनी करा. दहा चिंचोके एका बाजूने दगडावर पांढरे होईपर्यंत घासून घ्या. मुलाने ते मुठीत हलवून टाकायचे, पांढरे मोजायचे आणि काळे न मोजता सांगायचे. शेजारच्याने मोजून पडताळा घ्यायचा. जुळलं की पाटीवर ७ + ३ अशी जोडी लिहायची. ५ + ५ आणि त्याच्या आसपासच्या जोड्या भराभर पडतात, १० + ० जवळजवळ पडतच नाही. म्हणून उरलेल्या जोड्यांसाठी करवंटी घ्या. एकाने थोडे चिंचोके करवंटीखाली लपवायचे, बाहेरचे बघून बाकीच्यांनी आतले सांगायचे.

आता हातचा. यावर मी सर्वांत जास्त दिवस घालवते, कारण ‘हातचा एक’ म्हणणाऱ्या कितीतरी मुलांना तो एक म्हणजे दहा आहेत हे माहीतच नसतं. खराट्याच्या काड्यांचे सारखे तुकडे, रबरबँड आणि दोन फासे एवढं पुरे. फाशांवर पडेल तेवढ्या काड्या घ्यायच्या. सुट्या दहा झाल्या की गठ्ठा बांधायचा आणि ‘माझ्याकडे दोन दशक, चार सुट्या, चोवीस’ असं मोठ्याने सांगूनच फासे पुढे द्यायचे. गठ्ठा बांधायचा राहिला आणि दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं, तर गठ्ठा त्याने बांधून द्यायचा. काड्या मात्र ज्याच्या त्याच्याच राहतात. यामुळे पाळी नसलेली तिघंही डोळे लावून बसतात. कुणाकडे एकोणतीस झाले की थांबून विचारा, ‘तिसाला किती कमी?’

मग खेळ उलटा करा. प्रत्येकाला पाच गठ्ठे द्या आणि फाशांवर पडेल तेवढ्या काड्या डब्यात परत टाकायला सांगा. पहिल्याच पाळीला सुट्या काड्या नसतात. मूल गठ्ठ्याकडे बघतं, तुमच्याकडे बघतं. इथे गप्प राहा. रबर त्याचं त्यानेच काढायला हवं, वजाबाकीतलं दशक सोडवणं ते हेच.

पटाच्या खेळात मोजणीची पद्धत सांभाळा. सहावर उभं असलेलं मूल तीन पडल्यावर ‘एक, दोन, तीन’ म्हणत सरकतं. त्याला ‘सात, आठ, नऊ’ म्हणायला लावा. गीता रमानी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी २००८ साली अमेरिकेतल्या बालवाडीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. १ ते १० अंकांच्या सरळ पटावर, घरांतले आकडे म्हणत खेळलेल्या मुलांची संख्यांची समज थोड्याच बैठकांत सुधारली. रंगांच्या पटावर खेळलेल्यांत ती सुधारणा दिसली नाही. बाजारातल्या सापशिडीत एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून जाते, त्यामुळे दहाने पुढे गेलं की सरळ वरच्या घरात जातो हे तिथे दिसत नाही. मी फरशीवर खडूने शंभराचा तक्ता आखते, प्रत्येक ओळ डावीकडूनच.

‘चुकला तो बाद’ हा नियम कुठेच नको. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच त्यामुळे आधी बाहेर बसतो. घड्याळही नको. जिंकायचंच असेल तर चौघांनी मिळून: चौघांच्या काड्या एकत्र करून आज शंभर होतात का बघा.

खेळ अंगवळणी पडला म्हणून काड्या लगेच उचलू नका. आधी शेजारी वही ठेवा. गठ्ठा बांधला की दशकाच्या घरावर हातचा १ लिहायचा, रबर काढलं की दशकातला एक खोडून एककात दहा मिळवायचे. काही दिवसांनी एखादं मूल रबरबँडला हात लावण्याआधीच हातचा लिहून मोकळं होतं. त्याचं नाव टिपून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात त्याला तीन अंकी बेरजेच्या गटात बसवा.